चाळीस मीटरची तार: गच्चीवरचा डायपोल बांधताना आणि जुळवताना

व्हीयू३ने सुरू होणारं कॉल साइन हातात आलं की नवा हॅम बहुतेक सगळे पैसे रिगवर घालतो आणि अँटेनाचं काम उरल्यासुरल्या पैशांत, उरल्यासुरल्या वेळात उरकतो. मी तुम्हाला नेमकं उलटं करायला सांगणार आहे. रिग जुना, एक-दोघांच्या हातून आलेला असला तरी चालेल. तार मात्र मन लावून बांधा. ५० वॉटचे १०० वॉट केले तर पलीकडच्या माणसाच्या मीटरवर तीन डेसिबलचा, म्हणजे जेमतेम अर्ध्या एस-युनिटचा फरक पडतो. हातभर उंचीवर लोंबणारी तार नऊ मीटरवर चढवली तर त्याहून जास्त मिळतं, आणि ते बोलताना मिळतं तसं ऐकतानाही मिळतं.

इथे मी एकाच अँटेनाबद्दल लिहितो आहे: चाळीस मीटर बँडचा अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल, मधोमध एका काठीवर उचललेला आणि दोन्ही बाजूंना उतरता, म्हणजे ज्याला सगळे इन्व्हर्टेड व्ही म्हणतात तो. एंड-फेड, विंडम, जी५आरव्ही ही मंडळी नंतर करून बघा. त्या सगळ्यांत ट्रान्सफॉर्मर किंवा ट्यूनर मधे येतो आणि काही बिघडलं तर चूक तारेत आहे की डब्यात, हे नवख्याला कळत नाही. डायपोलमध्ये लपवायला जागाच नाही. म्हणून शिकायला तो सगळ्यात चांगला.

चाळीस मीटर का, तर आपल्या भागात दिवसाउजेडी गप्पा याच बँडवर होतात. आपल्याला ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ वापरता येतं. गच्चीवरचा डायपोल जमिनीपासून पाव तरंगलांबीच्या, म्हणजे दहा मीटरच्या आसपास किंवा त्याहून खाली असतो. अशा तारेची बहुतेक शक्ती वर आभाळाकडे जाते आणि आयनावरणाच्या एफ थरावरून परतून शे-दोनशे ते चार-पाचशे किलोमीटरच्या टापूत उतरते. पुण्यातून बोलताना मुंबई, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर या सगळ्यांना सकाळी एकाच वेळी ऐकू येतं ते यामुळेच. मध्ये सह्याद्री आडवा असला तरी बिघडत नाही, कारण लहरी डोंगर ओलांडून नव्हे तर वरून येतात. रात्री आयनावरण विरळ झालं की जवळची स्टेशनं मावळतात आणि लांबची वर येतात. तेव्हा कोल्हापूर ऐकू येत नाही म्हणून तार सोडून पुन्हा बांधायला घेऊ नका. तार ठीक आहे, वेळ चुकीची आहे.

माप

मोकळ्या अवकाशात अर्धी तरंगलांबी म्हणजे १५० भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये. प्रत्यक्ष तारेला जाडी असते, टोकाला इन्सुलेटर आणि दोरी असते, म्हणून उघड्या तांब्याच्या तारेसाठी १५० ऐवजी १४३ धरतात. ७.१ मेगाहर्ट्झसाठी १४३ भागिले ७.१ म्हणजे २०.१४ मीटर, प्रत्येक बाजूला १०.०७. जुन्या पुस्तकांत हेच ४६८ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर फुटांत, असं सापडेल. दोन्ही एकच.

पण हा आकडा म्हणजे फक्त सुरुवातीचा अंदाज. पीव्हीसीचं आवरण असलेल्या तारेत लहरीचा वेग किंचित कमी होतो, त्यामुळे अशी तार तीन-चार टक्क्यांनी आखूड लागते. टोकं गच्चीच्या कठड्याजवळ आली की आणखी थोडी आखूड लागते. शेजारी पत्र्याची शेड, सोलर हीटर, स्लॅबमधली सळई हे सगळं आपापल्या परीने आकडा हलवतं. कोणत्याही सूत्राला तुमची गच्ची माहीत नसते. म्हणून तार मुद्दाम लांब ठेवायची, ती जिथे कायम राहणार आहे तिथेच टांगायची, मोजायची आणि मग कमी करायची. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. खाली अंगणात पसरून किंवा खुर्चीच्या पाठीवर टाकून जुळवलेला डायपोल वर चढवला की दुसराच होतो.

दोन्ही बाजूंना १०.८० मीटरचे तुकडे कापा. त्यातले ३० सेंटिमीटर मध्यावरच्या आणि टोकावरच्या गाठींत जातील आणि इन्सुलेटरपासून इन्सुलेटरपर्यंत साधारण साडेदहा मीटर उरतील.

सामान

घराच्या वायरिंगला वापरतात ती १.५ चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर उत्तम. ती लवचिक असते, वाऱ्यात हलून तुटत नाही, आणि कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. मोटार वाइंडिंगवाल्याकडची १६ गेजची इनॅमल वायरही चालते. फक्त सोल्डर करण्याआधी इनॅमल पॉलिश पेपरने नीट खरवडून काढा, आणि ती ताणाने लांबते हे ध्यानात ठेवा. मऊ तांब्याची वायर आधी दाराच्या कडीला अडकवून सावकाश ओढून घेतली की नंतरचं लांबणं कमी होतं. अ‍ॅल्युमिनियमची वायर घेऊ नका, सोल्डर धरत नाही.

टोकांना अंड्याच्या आकाराचे चिनी मातीचे इन्सुलेटर मिळाले तर छान. विजेच्या खांबांच्या ताणात असतात तेच, छोट्या आकाराचे. मिळाले नाहीत तर पाण्याच्या पीव्हीसी पाइपाचा दहा सेंटिमीटरचा तुकडा दोन्ही टोकांना भोकं पाडून वापरा. दोरीच्या बाबतीत मात्र कंजुषी नको. पिवळी-निळी प्लास्टिकची दोरी आपल्या उन्हात टिकत नाही. वर्षभरात तिचा भुगा हाताला लागतो आणि एका वादळी संध्याकाळी सगळं खाली येतं. गुंफलेली, जाड, काळी किंवा गडद नायलॉन दोरी घ्या.

केबलचं सांगायचं तर वीस-पंचवीस मीटरपर्यंत आरजी-५८ पुरते. सात मेगाहर्ट्झला ती शंभर मीटरला साधारण चार डेसिबल खाते, म्हणजे तुमच्या पंचवीस मीटरला एक डेसिबल. त्याहून लांब ओढायची असेल तर आरजी-२१३ घ्या. डिश टीव्हीची आरजी-६ ही ७५ ओमची केबलही डायपोलला वाईट नाही, नुकसानही कमी, पण तिची जाळी बहुधा अ‍ॅल्युमिनियमची असते, म्हणून सोल्डर न करता दाबून बसवायचे एफ कनेक्टर वापरावे लागतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली इथे हे सगळं मिळेल. केबल घेताना जाळी किती दाट आहे ते टोक सोलून बघा. स्वस्तातल्या केबलमध्ये मोजकेच धागे असतात आणि आतला मधला भाग अर्धा दिसतो.

मध्य

सगळा डायपोल मध्यावर टिकतो किंवा मध्यावर मोडतो, म्हणून इथे थोडं रेंगाळतो. हाताच्या पंजाएवढा, सहा मिलिमीटर जाडीचा अ‍ॅक्रिलिकचा तुकडा घ्या. स्वयंपाकघरातल्या जुन्या प्लास्टिकच्या चॉपिंग बोर्डाचाही चालेल. वरच्या मध्याला एक भोक, त्यातून काठीला टांगायची दोरी. डाव्या-उजव्या कडेला प्रत्येकी तीन भोकं, एकाखाली एक. तार पहिल्या भोकातून आत, दुसऱ्यातून बाहेर, तिसऱ्यातून पुन्हा आत अशी ओवा. तिचा सगळा ताण या नागमोडी घडीवर येतो आणि पुढचा पाच-सात सेंटिमीटरचा मोकळा तुकडा सैल राहतो. सोल्डरचा जोड या सैल भागात. ताण आणि जोड एकाच ठिकाणी असले की जोड वर्षभरात तुटणार, कारण सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि वाऱ्याने नेमकी तिथेच वाकत राहते.

खालच्या कडेला दोन-दोन भोकांच्या दोन जोड्या; त्यांतून केबल टायने केबल घट्ट आवळा, म्हणजे केबलचं वजन जोडावर येणार नाही. केबलचं टोक सोलून मधली तार एका पायाला, जाळी दुसऱ्याला सोल्डर करा. मग पाणी. केबलच्या जाळीत शिरलेलं पाणी केशाकर्षणाने मीटर-मीटर खाली उतरतं, तांबं काळं पडतं आणि केबल कायमची जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. सोललेलं टोक आधी स्वतःलाच चिकटणाऱ्या रबर टेपने गुंडाळा, वर साधी इन्सुलेशन टेप. सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. सोललेलं टोक वर आभाळाकडे नको, खाली तोंड करून असू द्या.

आता चोक. याला वन-टू-वन बलून असंही म्हणतात आणि पुष्कळजण तो पैसे वाचवण्यासाठी गाळतात. डायपोल दोन सारख्या पायांचा, केबल मात्र एकतर्फी: आत एक तार, बाहेर जाळी. चोक नसला तर थोडा प्रवाह जाळीच्या बाहेरच्या अंगाने खाली वाहतो आणि केबल स्वतःच अँटेनाचा तिसरा पाय होते. मग तुम्ही मोजता ती तार नव्हे, तार अधिक केबल. माइकला ओठ लागला की झिणझिणी, कॉम्प्युटरचा माऊस बोलताना अडकणं, ही याचीच लक्षणं. याहून मोठा तोटा ऐकण्यात होतो: घरातल्या एलईडी दिव्यांचा, चार्जरचा, इन्व्हर्टरचा गोंगाट त्याच जाळीवरून वर चढतो आणि रिसीव्हरमध्ये उतरतो. चोक बसवल्यावर खळखळ उतरल्याचं ज्याने एकदा ऐकलं तो पुन्हा कधी चोकशिवाय तार टांगत नाही.

चोक करायची उत्तम रीत म्हणजे ४३ नंबरच्या मिश्रणाच्या मोठ्या फेराइट रिंगवर केबलचे दहा-बारा वेढे. रिंगची खरेदी करताना मिश्रणाचा नंबर विचारून घ्या. जुन्या पॉवर सप्लायमधली पिवळी-पांढरी रिंग याला उपयोगाची नाही, ती लोहभुकटीची असते. रिंग मिळेपर्यंत केबलचेच आठ-दहा वेढे एका सहा इंची पाइपावर एकापुढे एक, एका थरात घ्या आणि मध्याच्या अगदी खाली बांधा. हे रिंगइतकं चांगलं नाही, पण नसण्यापेक्षा पुष्कळ बरं. वेढे गोळा करून बोचक्यासारखे बांधू नका. पहिला आणि शेवटचा वेढा शेजारी आले की परिणाम बराचसा जातो.

उचलणं

जीआय पाइप सहा मीटर लांबीचाच येतो, तो गच्चीवर काठी म्हणून सोयीचा. कोकणात माणग्याचा सरळ बांबू मिळाला तर तोही उत्तम. बुडाला आणि टोकाला वॉर्निश मारा. काठीला तीन बाजूंनी दोरीचे ताण हवेतच. सोसायटीत राहत असाल तर आधी कमिटीला लेखी पत्र द्या, सोबत परवान्याची प्रत जोडा, आणि स्लॅबला भोक पाडणार नाही असं त्यात लिहा. परवानगीचं बरंचसं काम या शेवटच्या वाक्याने होतं, कारण गच्ची गळण्याची भीती सगळ्यांनाच असते.

मध्य जमिनीपासून नऊ मीटरवर आणि टोकं तीन मीटरवर असतील तर दहा मीटरचा पाय आडवा आठ मीटर जागा घेतो. दोन्ही मिळून सोळा. पायांमधला कोन साधारण १०५ अंशांचा होतो. हा कोन चांगला आहे, कारण सरळ डायपोलचा मोकळ्या अवकाशातला ७३ ओमचा रोध या आकारात पन्नासच्या जवळ येतो आणि केबलशी जमतो. ९० अंशांच्या खाली कोन नेऊ नका. दोन पाय एकमेकांना खोडायला लागतात.

आता बहुतेक गच्च्यांवर सोळा मीटर सरळ मिळत नाहीत. कर्णरेषेवर टांगून बघा. तरीही कमी पडले तर शेवटचा दीड मीटर खाली लोंबता सोडा किंवा बाजूला वळवा. मन खट्टू करू नका. डायपोलमध्ये प्रवाह मध्यावर सर्वांत जास्त आणि टोकाला शून्य असतो. टोकाच्या दीड मीटरमध्ये तो मध्याच्या पाव भागाइतकाही नसतो. लहरी प्रवाहाने निघतात, म्हणून मधला भाग उंच आणि मोकळा असला की टोकं कशीही वळली तरी फारसं बिघडत नाही. टोकांवर व्होल्टेज मात्र भरपूर असतं, शंभर वॉटला शेकड्यांनी, म्हणून ती कुणाच्या हाताला, कपडे वाळत घालायच्या तारेला किंवा कठड्याला लागता कामा नयेत.

झाड असेल तर झाडासारखा खांब नाही, पण ते डोलतं. बेचकीने शिसं बांधलेली मासेमारीची दोरी फांदीवरून टाका, तिला जाड दोरी बांधून ओढून घ्या, आणि दोरीचं खालचं टोक पक्कं न बांधता त्याला वाळूची बाटली लटकवा. झाड हललं की बाटली वर-खाली होते आणि तार तुटत नाही.

जिथून महावितरणची तार जाते तिथे काठी आडवी पडली तरी तिला लागणार नाही इतकं अंतर ठेवा, आणि विजेच्या तारेवरून दोरी कधीही, कशासाठीही फेकू नका. हौशी रेडिओत माणसं गेली आहेत ती बहुतेक अशीच. एकट्याने काठी उभी करू नका.

मोजणं आणि जुळवणं

नॅनोव्हीएनए हे खिशात मावणारं उपकरण आलं तेव्हापासून हे काम फार सुखाचं झालं आहे. स्वतःकडे नसलं तर जवळच्या हॅमकडून मागून आणा; या छंदात कुणी नाही म्हणत नाही. केबल जोडण्याआधी तिची मधली पिन आणि बाहेरची जाळी स्क्रू ड्रायव्हरने क्षणभर एकमेकांना लावा. कोरड्या वाऱ्यात तारेवर स्थिर वीज साठते आणि ती उपकरणाचं नाजूक तोंड जाळते. मग ६ ते ८ मेगाहर्ट्झ हा पल्ला लावा, ओपन, शॉर्ट, लोड असं कॅलिब्रेशन करा, आणि पडद्यावर फक्त एसडब्ल्यूआरची रेघ ठेवा. रोध आणि रिअ‍ॅक्टन्सचे आकडे केबलच्या लांबीप्रमाणे फिरत राहतात, म्हणून खाली बसून ते बघण्यात अर्थ नाही. एसडब्ल्यूआर केबलच्या लांबीने बदलत नाही, फक्त केबलच्या नुकसानीने किंचित कमी दिसतो.

रेघ एके ठिकाणी खाली बुडालेली दिसेल. समजा साडेदहा मीटरचे पाय आहेत आणि डिप ६.६८ ला आला. नवी लांबी म्हणजे जुनी लांबी गुणिले मिळालेली फ्रिक्वेन्सी भागिले हवी असलेली: १०.५० गुणिले ६.६८ भागिले ७.१०, उत्तर ९.८८. म्हणजे प्रत्येक बाजूने ६२ सेंटिमीटर जास्त आहेत. एकदम ६२ नको, आधी ५० कमी करा. आणि कापू नका. टोकाच्या इन्सुलेटरमधून तार पुढे ओढा, उरलेलं टोक मागे त्याच तारेवर घट्ट पिळून गुंडाळा आणि केबल टायने बांधा. अशी मागे घडी घातलेली तार जवळपास कापल्यासारखीच वागते, आणि चुकलं तर उलगडता येते. पुन्हा वर चढवा, मोजा. डिप ७.०१ च्या आसपास यायला हवा. आता राहिले साधारण १२ सेंटिमीटर. चाळीस मीटरवर दोन्ही पायांचा एक-एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ७ किलोहर्ट्झ, हा आकडा पाठ करून ठेवा. पुढचं सगळं त्याने तोंडी होतं. दोन्ही बाजू नेहमी सारख्याच कमी-जास्त करा.

डिप ७.१०० ला आणला की दोन्ही कडा, ७.००० आणि ७.२००, आपोआप दोनच्या आत बसतात. नुसतं सीडब्ल्यू करणारा असाल तर तो थोडा खाली ठेवा. जुळल्यावर घडी तशीच राहू द्या. कापायची काहीच गरज नाही, आणि पुढे जागा बदलली की तीच कामाला येईल.

व्हीएनए नसेल तर रिगच्या मीटरवरही होतं. शक्ती पाच-दहा वॉटवर आणा, जागा मोकळी आहे का ते ऐका, विचारा, कॉल साइन द्या, आणि ७.०१०, ७.१००, ७.१९० अशा तीन ठिकाणी क्षणभर कॅरियर सोडून आकडे लिहा. खालच्या टोकाला आकडा चांगला आणि वर वाढत जातो, तर तार लांब आहे. उलट असेल तर आखूड. अर्थात प्रक्षेपणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना लागतो. एएसओसी परीक्षेचा निकाल यायचा असेल तर तोवर व्हीएनएवरच काम चालवा.

डिप योग्य जागी आहे पण १.७ च्या खाली उतरत नाही, असंही होतं. इथे लांबीशी खेळू नका. लांबी डिप डावी-उजवीकडे सरकवते, खोली नव्हे. टोकं अर्धा मीटर वर-खाली करून कोन बदला, काठी थोडी उंच करून बघा. नाहीच जमलं तर १.७ वर समाधान माना, त्याचं कारण पुढे येतंच आहे.

डिपच दिसत नसेल तर तार सोडा, केबल बघा. तिच्या वरच्या टोकाला ५० ओमचा डमी लोड लावून रेघ सपाट एकच्या जवळ येते का ते पाहा. डमी लोड घरी होतो: एक किलोओम, दोन वॉटचे वीस मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर जोडले की पन्नास ओम, चाळीस वॉट. वायरवाउंड रेझिस्टर घेऊ नका, ते स्वतःच गुंडाळी असतात.

आणखी एक परीक्षा, फुकटची आणि फार बोलकी. व्हीएनएवर डिप दिसत असताना दुसऱ्या हाताने केबल मुठीत धरा आणि मूठ वर-खाली सरकवा. रेघ जागची हलली नाही तर चोक काम करतो आहे. डिप पळायला लागला तर केबल अँटेना झालेली आहे. आधी चोक सुधारा, मग तारेची लांबी. हा क्रम उलटा केला तर आजचं माप उद्या केबलची गुंडाळी सरकवल्यावर चुकीचं ठरेल.

एसडब्ल्यूआर किती हवा

एक ते एकच्या मागे लागून माणसं महिनोन्‌महिने घालवतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण तेवढा वेळ बोलण्यात गेला असता. हिशेब बघा. एसडब्ल्यूआर दीड असताना शक्तीचा चार टक्के भाग परत येतो, दोनला अकरा टक्के, तीनला पंचवीस. परत आलेला भागही सगळा वाया जात नाही. तो रिगकडून पुन्हा वर जातो, फक्त केबलमधून जादा फेऱ्या मारताना थोडा झिजतो. सात मेगाहर्ट्झला वीस मीटर आरजी-५८ आणि एसडब्ल्यूआर दोन, यात जादा नुकसान एक डेसिबलच्या पाव भागाइतकंही होत नाही. पलीकडच्या कुणाच्या कानाला ते कळणार नाही. रिगचं संरक्षण सर्किट शक्ती कमी करणार नाही इतपत, म्हणजे दोनच्या आत, एवढं पुरे.

उलट, फार चांगला एसडब्ल्यूआर सगळ्या बँडभर दिसला तर शंका घ्या. डमी लोडचा एसडब्ल्यूआर आदर्श असतो आणि तो कुठेच ऐकू जात नाही. जुनी, पाणी शिरलेली केबल परत येणारी शक्ती वाटेतच खाते आणि मीटरवर सगळं छान दिसतं. चांगल्या केबलमध्येही हे थोडं होतंच: १.३ डेसिबल नुकसान असलेल्या केबलच्या वरच्या टोकाला तीन असेल तर खाली तुम्हाला २.२ च्या आसपास दिसेल. म्हणून पहिल्या दिवशीची रेघ, म्हणजे डिपची जागा, खोली आणि दोन्ही कडांचे आकडे, वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी डिप रुंद आणि उथळ झालेला दिसला की केबल बदलायची वेळ आली.

ऋतुमानाप्रमाणे

पावसात आवरणाची तार भिजली की डिप थोडे किलोहर्ट्झ खाली उतरतो आणि वाळल्यावर परत येतो. घाबरू नका, लगेच जुळवायला बसू नका. केबल खिडकीतून आत घेण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून टपकेल, आत येणार नाही. एप्रिलपासून वळवाचे ढग जमायला लागले की काम संपल्यावर केबल रिगपासून सोडवून ठेवायची सवय लावा, आणि सोडवलेलं टोक टेबलावर नव्हे, खिडकीबाहेर ठेवा. मराठवाडा-विदर्भात तर हे रोजचं काम समजा. ढग गडगडत असताना केबलला हात लावू नका. ते आधी करायचं.

संक्रांतीच्या आठवड्यात मांजा अडकतो, येवल्यासारख्या गावात तर फारच. मांजा ओढून काढू नका, आवरण कापलं जातं; तार उतरवून सोडवा. तेव्हाच दोऱ्या, गाठी आणि मध्यावरची टेप बघून घ्या. वर्षातून एवढी एक तपासणी पुरते.

चाळीसचा डायपोल एकवीस मेगाहर्ट्झलाही चालतो असं ऐकाल. ते अर्धं खरं आहे. तिसऱ्या पटीला तो बोलतो, पण टोकाचा परिणाम तिथे तुलनेने कमी होतो, त्यामुळे डिप बरोबर तिप्पट जागी न येता पंधरा मीटर बँडच्या वर जातो आणि ट्यूनर लागतो. दुसरा बँड हवाच असेल तर वीस मीटरचे पाय त्याच मध्याला जोडणं सोपं: प्रत्येकी पाच मीटर आणि वर थोडी घडीपुरती तार, चाळीसच्या पायांच्या खाली, टोकाशी निदान अर्धा मीटर अंतर ठेवून. केबल तीच, चोक तोच. आधी चाळीस जुळवा, मग वीस. वीसचे पाय लागले की चाळीसचा डिप थोडा सरकतो, तो घडीतल्या दोन-चार सेंटिमीटरनी परत आणा, आणि शेवटी वीसवर एकदा नजर टाका.